विषयपत्रिकेची एक प्रत आम्हालाही द्या

सन्माननीय नगराध्यक्षा ताई, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी साहेब,

स. न. वि. वि.

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. हारतुरे, फटाके, उपनगराध्यक्षांची निवड, स्वीकृत सदस्यांसाठीची रस्सीखेच हे सगळं पार पडलं. गुलाल धुऊन झाला असेल असं धरून लिहितो.

मी नगरपरिषदेच्या दारासमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. अठरा वर्षं झाली. तुमच्यापैकी बहुतेक जण मला चेहऱ्याने ओळखतात, काही उधारीने. आपल्या गावात जो कागद नगरपरिषदेत आत जातो तो आधी माझ्या मशीनवरून जातो, आणि जो बाहेर येतो तोही. मी कुणाचा कागद वाचत नाही. पण काचेवर उलटा ठेवायच्या आधी कागद सुलटाच हातात येतो, आणि तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायची सवय मला नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, मी कुठल्याही पॅनेलचा नाही. मतदार याद्यांच्या प्रती सगळ्यांनी माझ्याकडूनच काढल्या आणि सगळ्यांना मी एकच दर लावला. हरलेल्यांनी हे पत्र लिहून घेतलेलं नाही. जिंकलेल्यांकडे मला ठेकाही नको आहे. एक मागणी आहे, ती पुढे येईलच.

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदेच्या मतदानाच्या रांगेत माझ्या मागे माझा पुतण्या होता. २०१७ च्या सुरुवातीला तो अठरा वर्षांचा झाला. त्यानंतर त्याने लोकसभेला दोनदा मत दिलं, विधानसभेला दोनदा दिलं, डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी धरली, सोडली, परत आला. पण आपल्या गल्लीतल्या गटारासाठी कुणाला जबाबदार धरायचं, हे त्याला पहिल्यांदा विचारलं गेलं ते सत्ताविसाव्या वर्षी. त्याआधीचं मतदान २७ नोव्हेंबर २०१६ चं. नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते आणि लोक बँकेच्या रांगेतून निघून मतदानाच्या रांगेत आले होते. त्या सभागृहाची पाच वर्षं संपली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि निवडणूक मुदत संपायच्या आत, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आला, प्रभागरचनेचा आला, सुप्रीम कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली, आणि शेवटी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम लागला. त्यातही काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं, म्हणून आपली मतंही २१ तारखेपर्यंत गोदामात कुलपात राहिली. नऊ वर्षं थांबलो, आणखी एकोणीस दिवसांचं काय एवढं.

मधली चार वर्षं गावाचा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळातले ठराव पुष्कळदा माझ्या काचेवर आले. 'मुख्याधिकारी तथा प्रशासक' असा हुद्दा असायचा. प्रस्ताव मुख्याधिकारी सादर करणार, मंजुरी प्रशासक देणार, आणि दोन्ही खुर्च्यांत माणूस एकच. वर एक सही, खाली एक सही, दोन्हींच्या शेपटीला तोच वळसा. सूचक आणि अनुमोदक या रकान्यांत आडवी रेघ. एकदा तिथल्या शिपायाला मी गमतीने विचारलं, साहेब कधी स्वतःला नाही म्हणतात का? तो म्हणाला, दुपारच्या जेवणानंतर कधीकधी स्वतःचीच फाइल परत पाठवतात.

कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. ते साहेब कष्टाळू होते. पहाटे सहाला घंटागाड्या मोजायला उभे राहायचे, आणि नगरसेवकांच्या काळात जी चार-दोन अतिक्रमणं कुणी हलवू शकलं नव्हतं, ती त्यांनी काढली. त्यांच्या नावाने अजूनही लोक चांगलं बोलतात, मीही बोलतो. पण चांगला माणूस एकटा बसून ठरवतो तेव्हा काय होतं, ते आपण गुरुवारच्या बाजारात पाहिलं. आता तुम्ही तिथे बसला आहात म्हणून ती हकिगत सविस्तर सांगतो. तुमच्यातले निम्मेअधिक जण पहिल्यांदाच निवडून आलेले आहेत आणि बाजाराची फाइल अजून तुमच्या टेबलावर यायची आहे.

आपला आठवडी बाजार एसटी स्टँडच्या मागच्या मैदानात भरायचा. माझे आजोबा लहानपणी तिथेच बैलाची झूल आणायला गेल्याचं सांगायचे, म्हणजे किती जुना ते बघा. मैदानाची अवस्था वाईट होती, हे खोटं नाही. पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल, मासळीच्या कोपऱ्यात नाक धरून जावं लागायचं, आणि गुरुवारी त्या रस्त्याने रुग्णवाहिका न्यायची म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. बाजाराचं काहीतरी करायला हवं होतं, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

केलं ते असं. प्रशासकीय ठराव झाला. बाजार बाह्यवळण रस्त्यावरच्या जागेत न्यायचा, आणि जुन्या मैदानावर बीओटीवर (ठेकेदाराने बांधायचं, काही वर्षं वापरायचं, मग परत द्यायचं) व्यापारी संकुल बांधायचं, खाली पार्किंग, वर गाळे. गावाला हे कळलं ते मैदानाभोवती निळे पत्रे ठोकायला लागले त्या दिवशी.

मला आधी कळलं होतं. तो ठराव माझ्या काचेवरून गेला होता. तीन प्रती, सहा रुपये. मी वाचला, गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि गप्प बसलो, कारण कागद गिऱ्हाइकाचा. जाहीर सूचना पेपरात आली होती म्हणतात. आली होती, दोन दैनिकांत. त्यातलं एक आपल्या गावात येतच नाही. स्टँडवरच्या पेपरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, नाव ऐकल्यासारखं वाटतंय. दुसऱ्यात ती आतल्या पानावर होती, एका बाजूला हरवलेल्या पासबुकाची जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला वारस नोंदीची नोटीस. कायद्याचं कलम पाळलं गेलं. हरकत एकही आली नाही, म्हणून 'कोणाचीही हरकत नाही' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. ज्यांना विचारलंच नाही त्यांची हरकत नाही, हे वाक्य मी आजवर इतक्या फायलींत पाहिलंय की आता त्याची छपाई लांबूनच ओळखू येते.

नवी जागा वाईट नाही. सिमेंटचे ओटे आहेत, वर पत्र्याची शेड आहे, हायमास्ट आहे, शौचालय आहे, त्याची चावीही बहुतेक गुरुवारी सापडते. टेम्पोने माल आणणारे कपडेवाले, भांडीवाले, कांदा-लसणाचे व्यापारी तिथे खूश आहेत. त्यांना गाडी लावायला जागा मिळाली. रडायची वेळ आली ती डोक्यावर पाटी आणणाऱ्यांवर.

एक मावशी आहेत, वरच्या वाडीहून येतात. मेथी, शेपू, चाकवत, या दिवसांत हरभऱ्याची कोवळी भाजी. पहाटेच्या एसटीने यायचं, स्टँडवर उतरायचं, मागच्या मैदानात पोतं अंथरायचं, अकरापर्यंत माल संपवायचा, घरचं मीठ-मिरची घेऊन बाराची गाडी पकडायची. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा त्या मला पेढा देऊन गेल्या होत्या. आता स्टँडपासून नव्या बाजारापर्यंत रिक्षावाला जे घेतो ते त्या अर्ध्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त आहे. येताना एकदा, जाताना एकदा. दोनशे-तीनशेच्या भाजीत रिक्षा बसत नाही. मी म्हटलं, मावशी, तिकडे ओटा आहे, सावली आहे. त्या म्हणाल्या, "सावली काय खायाचीय? माझं गिऱ्हाईक ष्टँडवर उतरतं. ते तिकडं कशाला येईल?"

बाजाराचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. खेड्यावरून आलेला माणूस स्टँडवर उतरतो, तालुक्याच्या कचेरीत एक काम करतो, दवाखान्यात एक, आणि परतीच्या गाडीआधी पिशवी भरतो. विकणाऱ्या बायकाही त्याच गाडीने आलेल्या. बाजार तिथे होता कारण एसटी तिथे होती. आराखडा काढणाऱ्या सल्लागाराला हे कुणी सांगितलं नसणार. तो आला तो चारचाकीने आणि सोमवारी.

मग व्हायचं तेच झालं. मावशी आणि त्यांच्यासारख्या पंधरा-वीस जणी स्टँडच्या कडेला रस्त्यावर बसायला लागल्या. एक जण माझ्या पायरीवर बसते, मी काही बोलत नाही. वाहतूक तुंबू लागली. नागरिकांच्या तक्रारी आल्या (त्यांच्या झेरॉक्सही मीच काढल्या). आणि एका गुरुवारी अतिक्रमण पथक आलं, तराजू आणि पोती गाडीत टाकली आणि दंडाच्या पावत्या फाडल्या. मावशींनी ती पावती माझ्याकडे आणली, म्हणाल्या, वाचून दाखव. वर लिहिलं होतं, 'सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण'. आपणच मैदानातून उठवायचं आणि रस्त्यावर बसल्या म्हणून आपणच दंड करायचा. हे मी त्यांना कोणत्या शब्दांत समजावणार होतो, तुम्हीच सांगा.

आता कायद्याचं बघू, कारण साहेबांना कायद्याचंच पटतं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ पासून केंद्राचा कायदा आहे. त्यात प्रत्येक गावाला नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत आणि त्यांतला तिसरा हिस्सा बायकांचा हवा. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमतात त्याला त्या कायद्यात 'नैसर्गिक बाजार' असं गोड नाव आहे. असा बाजार पन्नास वर्षांहून जुना असेल तर त्याला वारसा बाजार ठरवून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असंही त्यात आहे. आपल्या मैदानाला ते लागू होत होतं की नाही, हे त्या समितीत बसून ठरायला हवं होतं. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागितलं. दहा रुपयांचा स्टॅम्प लावला, तीस दिवस थांबलो. उत्तर आलं, 'अभिलेख आढळून येत नाही'.

माहिती अधिकाराचं कलम सहा, म्हणजे अर्ज करायचं कलम, आता रिक्षावाल्यालाही पाठ आहे. कलम चार कुणी उघडत नाही. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४(१)(ग) मध्ये लिहिलंय की लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी तथ्यं कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावीत. पुढच्या (घ) मध्ये आहे की ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणं सांगावीत. न मागता. अर्ज नाही, स्टॅम्प नाही, अपील नाही. हे कलम रोज पाळलं गेलं तर माझ्या दुकानाचा निम्मा धंदा बसेल, तरी मी ते तुम्हाला सांगतो आहे याची नोंद घ्या.

बाजारासारखंच विकास आराखड्याचं. प्रारूप आराखडा लागला तेव्हा हरकतींना तीस दिवस मिळाले. १९६६ चा नगररचना कायदा तेवढेच देतो. नकाशा वरच्या मजल्यावर भिंतीला लावला होता. लोकांनी मोबाइलवर फोटो काढून आणले आणि म्हणाले, याची झेरॉक्स दे, आमचं घर कुठल्या रंगात आहे ते बघायचंय. माझ्याकडचं मोठ्यात मोठं माप ए-थ्री. मी तुकडे तुकडे काढून दिले आणि लोकांनी ते चिकटपट्टीने जोडून ओसरीवर अंथरले. त्यात माझं मशीन काळं-पांढरं. यलो झोन (निवासी) आणि ग्रीन झोन (शेती) दोन्ही एकाच राखाडी रंगाचे निघतात. एका गृहस्थांना वाटलं आपली जमीन शेतीत गेली, त्यांनी तशी हरकत लिहून दिली. ती निवासीच होती. दुसऱ्यांना वाटलं आपण सुखरूप आहोत, त्यांच्या घरावरून डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला नवा रस्ता, गेलेला होता. हसण्यासारखं आहे, पण त्यांच्यासमोर मला हसता आलं नाही. त्या तीस दिवसांत प्रभागाप्रभागात एक रंगीत फलक लावला असता, आणि रविवारी सकाळी नगररचनेचा एक माणूस त्याच्या शेजारी उभा राहिला असता, तर किती खर्च आला असता? स्वागत कमानींवर जातो त्याहून कमीच.

घरपट्टीच्या चतुर्थ वार्षिक आकारणीबद्दल थोडक्यात आटपतो, कारण ते प्रत्येकाच्या घरात घडलंय. हरकतींच्या सुनावणीला दोनशे माणसांना एकाच दिवशी सकाळी अकराची वेळ दिली होती. म्हाताऱ्या माणसांना जिन्यावर बसवून ठेवलं. आत गेल्यावर दोन मिनिटं. बाहेर आल्यावर कागदावर शिक्का, 'सुनावणी झाली'. ऐकलं का, असं कुणी विचारलं तर शिक्क्यात ते नाही.

माझ्या मनात नेहमी एक गोष्ट येते. आपल्या पलीकडच्या वाडीत ग्रामसभा व्हायची. हद्दवाढीत ती वाडी आपल्यात आली आणि तिथल्या लोकांना तीन गोष्टी एकदम मिळाल्या, वाढलेली घरपट्टी, घंटागाडी, आणि ग्रामसभेचं विसर्जन. खेड्यातल्या माणसाला वर्षातून चार तरी ग्रामसभा कायद्याने मिळतात. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं जमली की गणसंख्या पुरी. सरपंचाला समोर उभं करून विचारता येतं, हातपंपाचे पैसे कुठे गेले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांच्या वरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. मधे आपण. धड खेडं नाही, धड शहर नाही. पन्नास-साठ हजारांच्या गावाला पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं आणि मग नगरपरिषदेच्या जिन्यावर बसायचं. त्या वाडीतला एक जण मला म्हणाला, आधी आम्ही चावडीवर भांडायचो, आता अर्ज करतो. भांडणाला पोच लागत नव्हती.

ग्रामसभांचं मी फार कौतुक करत नाही. बऱ्याच गावांत त्या रजिस्टरवरच होतात. सह्या घरोघरी फिरून गोळा होतात, गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. पण गडचिरोलीत मेंढा-लेखा नावाचं छोटं गाव आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. ते बहुमतावर जात नाहीत. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीवर ढकलतात, आणि मधल्या वेळात अभ्यास गट त्या विषयाचा कागदोपत्री खल करतो. आपल्याला ते जमणार नाही, एवढ्या वस्तीत एकमत म्हणजे स्वप्न. पण निर्णयाआधी थांबून विषय सगळ्यांच्या डोक्यातून एकदा फिरवून आणायचा, एवढं तरी जमायला हरकत नसावी.

लोकांना विचारलं तर लोक नाहीच म्हणतील, असा एक युक्तिवाद तुमच्यातल्या अनुभवी मंडळींनी मला दुकानात उभं राहून ऐकवलाय. नेहमी तसं होत नाही. नळाला मीटर म्हटलं की लोक अंगावर धावून येतात, हे सगळ्या नगरसेवकांना ठाऊक. तरी कराडशेजारच्या मलकापूरने, आपल्याहून लहान गावाने, घरोघरी मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात लोक घरातच कचरा वेगळा करायला लागले, आणि आता तिथला कचरा डेपो बघायला बाहेरगावचे लोक जातात. लोकांच्या घरात शिरणारी कामं लोकांना वगळून होत नाहीत. तुमचा पेव्हर ब्लॉक रातोरात बसवता येतो, पण कुणाच्या स्वयंपाकघरातल्या दोन बादल्या ठरावाने वेगळ्या होत नाहीत.

आमच्या बाजूचंही सांगायला हवं. सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. अठरा वर्षं मी समोर बसलोय आणि सभेला गेलो फक्त एकदा, तेही २०१९ मध्ये. सभागृहाच्या दारावरच्या माणसाने विचारलं, तुमचं काय काम? मी म्हटलं, ऐकायला आलोय. त्याने मला अशा नजरेने पाहिलं की पुन्हा जायची हिंमत झाली नाही. माझ्यासारखे किती असतील. आणि १ डिसेंबरच्या रात्री कोणाच्या दारात काय आलं, हे तुम्हाला माहीत आहे, आम्हालाही. ज्याने घेतलं त्याने आता तावातावाने जाब विचारू नये असं कुणी म्हणालं तर मला उत्तर देता येणार नाही. एवढंच म्हणेन की मावशींना त्या रात्री काही मिळालं नाही. त्यांचं मत आपल्या गावात नाहीच, वाडीत आहे. बाजार हलवताना त्यांचा विचार कुणी का केला नाही, याचं खरं कारण मला हेच वाटतं.

त्या एका सभेत मी जे पाहिलं ते सांगतो. विषयपत्रिकेवर एकतीस विषय होते. पहिले चोवीस अकरा मिनिटांत 'मंजूर, मंजूर' म्हणत गेले. मग एका विषयावर चांगला पाऊण तास वाद झाला, एका चौकाला नाव कुणाचं द्यायचं यावर. आणि सगळ्यांत शेवटी, लोक उठायला लागल्यावर, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. ते वाचून दाखवले गेले की नाही, मला सांगता येणार नाही, कारण तोवर खुर्च्या सरकवल्याचा आवाज सुरू झाला होता. पुढच्या आठवड्यात इतिवृत्ताच्या प्रती काढताना पाहिलं तर ऐनवेळचे विषय नऊ होते, सर्वानुमते मंजूर, आणि त्यांतला एक एका लेआउटमधल्या खुल्या जागेचा होता. ताई, तुम्ही थेट लोकांमधून निवडून आला आहात. ती परवानगी तुमची असणार आहे. पुलाला भगदाड पडलं, साथ आली, तर ऐनवेळचा विषय आपण समजू शकतो. खुली जागा कधी ऐनवेळी उगवत नाही.

म्हणून मागणी एकच आहे, कागद आधी दाखवा. सभेची नोटीस तुम्हाला पोचते त्याच दिवशी विषयपत्रिका नगरपरिषदेच्या फलकावर लागू दे, आणि फक्त 'विषय क्र. १४, बांधकाम विभागाकडील टिपणीनुसार' असं नको. त्या टिपणीत कुठली जागा, कुणाची, किती पैसे, कोण हलणार, हे साध्या मराठीत दोन ओळींत लिहा. फलक आत जिन्याखाली आहे, तिथे सायकली लागतात. एक प्रत स्टँडवर लावा, एक भाजी मंडईत, एक तलाठी कार्यालयाबाहेर. एखादी जागा बंद करायची किंवा हलवायची असेल तर ती जे वापरतात त्यांना त्याच जागेवर, त्यांच्या वेळेला जाऊन विचारा. बाजाराचं गुरुवारी सकाळी आठला बाजारात. शाळेचं, शाळा सुटताना दारात. मंगल कार्यालयात व्यासपीठ, बुके आणि चार भाषणं नकोत, तिथे मावशी येत नाहीत आणि आल्या तरी बोलणार नाहीत.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची विशेष सभा होईल. दरवर्षीप्रमाणे ते शिलकीचंच असेल. त्यात जुन्या मैदानावरच्या संकुलासाठी काय धरलंय ते आम्हाला सभेआधी बघू द्या. आपल्याकडे आधीचं एक संकुल आहेच, त्याच्या पहिल्या मजल्यावरचे गाळे लिलावाला गिऱ्हाईक नाही म्हणून बंद आहेत आणि जिन्यात पान थुंकलेलं आहे. त्याच्या शेजारी दुसरं बांधण्यामागचं गणित कुणीतरी कागदावर मांडलं असेलच. ते चुकीचंच असेल असं मी म्हणत नाही. निळे पत्रे अजून उभे आहेत, खड्डा अजून घेतलेला नाही, म्हणजे बोलायला वेळ आहे. सकाळी दहापर्यंत पाटीवाल्या बायकांना स्टँडमागे बसू द्यायचं आणि टेम्पोवाला बाजार बाह्यवळणाला ठेवायचा, असा मधला मार्ग निघू शकतो. तो बरोबर आहे का, ते मला माहीत नाही, मी झेरॉक्सवाला. त्यांना विचारा.

माझ्याकडून एक कबूल करतो. विषयपत्रिकेच्या मी लागतील तेवढ्या प्रती फुकट काढून देईन आणि दुकानाच्या काचेवर लावीन. कागद तुमचा, शाई माझी. आणि यापुढे एखाद्या मैदानाचा ठराव माझ्या काचेवरून गेला तर मी गप्प राहणार नाही. गिऱ्हाइकांनी मनात धरून यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
समोरचा झेरॉक्सवाला

ता. क. : उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रांच्या प्रतींचे पैसे तुमच्यापैकी तिघांकडून अजून यायचे आहेत. नावं लिहीत नाही, वहीत आहेत. पैशांची घाई नाही. विषयपत्रिका पाठवा, हिशेब नंतर बघू.